क्ष + ७ = १५ : या एवढ्याशा गणितात साहचर्य गुणधर्म नेमका कुठे वापरला जातो?

पाटीपेन्सिल

भाची सातवीत आहे. तिच्या वहीतलं हे गणित:

क्ष + ७ = १५
क्ष = १५ − ७
क्ष = ८

उत्तर बरोबर आहे. दुसरी ओळ कुठून आली विचारलं तर म्हणाली, "सात पलीकडे गेले की वजा होतात." का होतात? "होतातच." त्याच धड्यात थोडं आधी बेरजेचा साहचर्य गुणधर्म आहे, (अ + ब) + क = अ + (ब + क). तो तिला तोंडपाठ. २, ३, ४ घालून दोन्हीकडे ९ येतात हेही तिनं करून दाखवलं. मग उलट मलाच विचारलं, "दोन्हीकडे तेच येणार असेल तर कंस हलवायचे कशाला? आणि पुढे याचा उपयोग काय?"

मी तिला तेच गणित असं लिहून दिलं:

(क्ष + ७) + (−७) = १५ + (−७)
क्ष + (७ + (−७)) = ८
क्ष + ० = ८
क्ष = ८

माझं म्हणणं असं की इथली दुसरी ओळ म्हणजेच साहचर्य, दुसरं काही नाही. पहिल्या ओळीत ७ हे क्ष बरोबर एका कंसात अडकलेत आणि −७ कंसाबाहेर उभे आहेत. कंस सरकवल्याशिवाय त्या दोघांची गाठच पडत नाही. "सात पलीकडे गेले" या तीन शब्दांत ही पायरी गिळली जाते.

जाणकारांनी सांगावं: हे एवढंच आहे की आणखी काही आहे? आणि नुसता कंस हलवल्याने (पदांचा क्रम न बदलता) फरक पडतो अशी चांगली उदाहरणं हवीत.

---

निवांत

उत्तर येतंय ना, मग झालं की. आम्ही जन्मभर पलीकडे नेऊनच समीकरणं सोडवली, कोणाचं काही अडलं नाही. तीन ओळींच्या चार करून पोरीला गणिताची धास्ती बसवू नका. (हलके घ्या.)

---

खडूफळा

@निवांत, अडतं, आणि ते वहीत दिसतं. "पलीकडे गेले की चिन्ह बदलतं" हा मंत्र पाठ असलेली मुलं ३क्ष = १२ याचं क्ष = १२ − ३ करतात. त्यांच्या दृष्टीने ३ पलीकडे गेले, वजा झाले, नियम पाळला! २० − क्ष = ६ दिसलं की काही जण क्ष = ६ − २० लिहून मोकळे होतात. मंत्रात कुठली क्रिया रद्द करायची आहे हे कुठेच येत नाही, म्हणून तो कुठेही लावला जातो.

धागाकर्त्यांची मांडणी योग्य आहे. भर एवढीच की साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता (अ + ब = ब + अ) यांची सरमिसळ फार होते. २ + ३ + ४ = ४ + ३ + २ याचं कारण म्हणून अर्धा वर्ग "साहचर्य" लिहितो. मी एकच कसोटी देते: कंस बोटाने झाका आणि डावीकडून उजवीकडे अक्षरं वाचा. दोन्ही बाजूंना तोच क्रम असेल तर फक्त कंस हलला, म्हणजे साहचर्य. क्रम बदललेला दिसला तर क्रमनिरपेक्षता वापरली गेली आहे, एकटी किंवा साहचर्याच्या जोडीने.

या कसोटीवर दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. (क्ष + ४) + ६ याचं क्ष + १० करायला साहचर्य पुरतं. पण (४ + क्ष) + ६ याचं क्ष + १० करायला आधी कंसाच्या आत ४ आणि क्ष यांची अदलाबदल करावी लागते, मग कंस सरकतो. मुलांना दोन्ही गणितं एकसारखीच वाटतात.

थोडं मोठं हवं असेल तर ३क्ष + (५ + २क्ष) घ्या.

३क्ष + (५ + २क्ष)
= ३क्ष + (२क्ष + ५) … क्रमनिरपेक्षता
= (३क्ष + २क्ष) + ५ … साहचर्य
= (३ + २)क्ष + ५ … वितरण
= ५क्ष + ५

"सरूप पदं एकत्र करा" असं आपण एका दमात म्हणतो, त्यात तीन वेगवेगळे गुणधर्म राबत असतात. दर वेळी चार ओळी लिहायला मी सांगत नाही. पण एकदा तरी लिहायला लावते, आणि समोर कारणही.

---

कंसमामा

धागा माझ्यावरच आहे असं दिसतंय. कंस हलवल्याने फरक पडत नाही म्हणता? मी आयडी बदलू की काय?

गंमत बाजूला. मला एक शंका शाळेपासून आहे. नियम तीन पदांचा आहे. मग आपण अ + ब + क + ड असं चार पदांचं बिनकंसाचं बिनधास्त कसं लिहितो? दहा पदांसाठी वेगळा नियम नको का?

---

तर्कटी

@कंसमामा, रास्त शंका. क्रम न बदलता चार पदांना कंस घालायच्या पाच रीती आहेत:

((अ + ब) + क) + ड
(अ + (ब + क)) + ड
(अ + ब) + (क + ड)
अ + ((ब + क) + ड)
अ + (ब + (क + ड))

पहिलीतून तिसरीत जायला (अ + ब) हे एकच पद समजा, त्याला प म्हणा. (प + क) + ड = प + (क + ड). तीन पदांचाच नियम झाला. तिसरीतून पाचवीत जाताना (क + ड) ला एक पद समजा. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून चौथीत, चौथीतून पाचवीतही असंच. म्हणजे तीन पदांचा नियम परत परत लावला की पाचही एकमेकींना जोडल्या जातात. कागदावर पाच बिंदू काढून हे दुवे रेघांनी जोडलेत तर चक्क पंचकोन होतो.

पाच पदांना १४ रीती, सहा पदांना ४२. या कॅटलान संख्या. रीती झपाट्याने वाढतात, पण सगळ्यांना पुरून उरतो तो तीन पदांचाच नियम. बिनकंसाचं लिहायची मुभा त्यातूनच मिळते. नियम नसता तर "अ + ब + क" या लिखाणाला ठराविक किंमतच नसती.

आता धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याकडे. थोडा असहमत आहे. साहचर्य नसेल तर समीकरण सुटतच नाही असं कोणाला वाटायला नको. वजाबाकीला साहचर्य नाही. (१० − ४) − ३ = ३, आणि १० − (४ − ३) = ९. तरीही क्ष − ७ = १५ हे सुटतं, उत्तर एकच येतं, २२. तेव्हा उत्तर असणं आणि साहचर्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

पाटीपेन्सिल

@तर्कटी, पण क्ष − ७ = १५ सोडवताना आपण दोन्हीकडे ७ मिळवतो, म्हणजे बेरजेच्याच आश्रयाला जातो ना? वजाबाकीच्या हद्दीत राहून ते सोडवता येईल का?

---

तर्कटी

नेमका प्रश्न. करून बघू. बेरीज विसरून जायची, हाताशी फक्त वजाबाकी.

धागाकर्त्यांच्या रीतीला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे अविकारक: अशी संख्या जी लावली तरी काही बदलत नाही. वजाबाकीत क्ष − ० = क्ष, म्हणून उजवीकडून ० चालतं. दुसरी म्हणजे व्यस्त: ७ ला काय लावलं की ० येईल? ७ − ७ = ०, म्हणजे ७ चा व्यस्त ७ स्वतःच. दोन्ही गोष्टी हाताशी आहेत. आता त्याच पायऱ्या जशाच्या तशा:

क्ष − ७ = १५
(क्ष − ७) − ७ = १५ − ७
क्ष − (७ − ७) = ८
क्ष − ० = ८
क्ष = ८

ताळा करा. ८ − ७ = १, १५ नाही. उत्तर सपशेल चुकलं.

कुठे चुकलं? दुसरी ओळ बरोबर आहे, दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली. चौथी, पाचवी बरोबर. चूक फक्त तिसऱ्या ओळीत, जिथे कंस सरकवला. बेरजेत हीच ओळ बरोबर ठरते आणि वजाबाकीत हीच घात करते. क्रम दोन्हीकडे तोच, संख्या त्याच, फरक फक्त कंसाचा. भाचीला हे दोन हिशेब शेजारी शेजारी लिहून द्या. "कंस हलवायचे कशाला" याचं उत्तर तिचं तिलाच सापडेल.

---

निवांत

हे बेष्ट आहे. माझा विरोध मागे नाही, पण आवाज कमी केला आहे.

---

खडूफळा

@तर्कटी, उद्याच फळ्यावर लिहिते. चुकीच्या ओळीचा नंबर सांगा म्हणून विचारायला उत्तम.

वजाबाकीतली फट किती मोठी असते हेही मुलांना शोधायला देता येईल. अ − (ब − क) मधून (अ − ब) − क वजा केलं की नेहमी २क उरतं. वरच्या उदाहरणात ९ − ३ = ६, आणि क होता ३. म्हणजे क शून्य असेल तरच दोन्ही जुळतात. मुलं दोन-तीन संख्या घालून हे स्वतः ओळखतात.

रोजच्या बीजगणितात हा घोटाळा १५ − क्ष − ५ असल्या राशीत होतो. मुलं उजवीकडचा भाग आधी उरकतात आणि मनातल्या मनात १५ − (क्ष − ५) करतात, मग उत्तर २० − क्ष. खरं उत्तर १० − क्ष. माझा उपाय असा: वजाबाकी दिसली की तिला विरुद्ध संख्येची बेरीज करून टाका. १५ + (−क्ष) + (−५). आता सगळीकडे बेरीजच आहे, हवं त्याला हवं त्याच्या शेजारी बसवा, हव्या त्यांचा गट करा. ऋण चिन्ह मात्र आपल्या पदाला चिकटून राहिलं पाहिजे, ते मागे सोडून पदाने जायचं नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. १५ − (क्ष − ५) मधला कंस काढताना आतली चिन्हं बदलतात ते साहचर्यामुळे नाही. तिथे कंसातल्या अख्ख्या बेरजेची विरुद्ध संख्या घेतली जाते, −१ चं वितरण म्हणा. ते झाल्यावर १५ + ((−क्ष) + ५) मधला उरलेला कंस सरकवणं हे साहचर्याचं काम. दोन पायऱ्या एकत्र शिकवल्या की मुलं "कंस काढला की चिन्हं बदलतात" असा नवा मंत्र बनवतात आणि १५ + (क्ष − ५) मध्येही बदलून ठेवतात.

---

गणूचा_गृहपाठ

क्रम बदलला तर चालतं पण गट बदलला तर चालत नाही, असं काही असतं का? का दोन्ही नेहमी जोडीनेच येतात?

---

तर्कटी

असतं. दोन संख्यांची सरासरी घ्या. २ आणि ४ ची सरासरी ३, उलटं केलं तरी ३. पण तीन संख्या घेऊन एकेक पायरीने सरासरी काढा. २ व ४ ची ३, मग ३ व ८ ची ५.५. आता आधी ४ व ८ ची काढा, ६, मग २ व ६ ची ४. गट बदलला, उत्तर बदललं. (म्हणूनच सरासऱ्यांची सरासरी काढणाऱ्यांपासून सावध राहावं.)

उलट प्रकारही आहे. अंक एकापुढे एक चिकटवणे ही क्रिया धरा. १२ ला ३ चिकटवा किंवा १ ला २३ चिकटवा, १२३ च होतात. गट कसाही करा. पण १ ला २ चिकटवले की १२ आणि २ ला १ चिकटवला की २१. म्हणजे साहचर्य आहे, क्रमनिरपेक्षता नाही.

---

अपूर्णांक

दुसऱ्या प्रकाराचं ऐतिहासिक उदाहरण म्हणजे हॅमिल्टनचे क्वाटर्निअन (चार घटकांच्या संख्या), १८४३. तिथल्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं, कंस मात्र कसेही घाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा मित्र ग्रेव्हज याने ऑक्टोनिअन (आठ घटकांच्या संख्या) शोधले. तिथे गुणाकारात कंसही हलवता येत नाहीत. साहचर्याचं स्वतंत्र महत्त्व लोकांना जाणवलं ते असे अपवाद समोर आल्यावरच. सगळीकडे जे खरंच असतं त्याची वेगळी नोंद कोण ठेवतो?

पण मला वेगळंच विचारायचंय. बेरजेला साहचर्य आहे हे आपण २, ३, ४ घालून "पटवतो". ती सिद्धता नाही. सगळ्या नैसर्गिक संख्यांसाठी ते खरं कशावरून? इथे बहुतेक जण ते गृहीतच धरतायत.

---

तर्कटी

ते सिद्ध करता येतं. हेर्मान ग्रासमानने १८६१ मध्ये केलं, आणि १८८९ मध्ये पेआनोने नैसर्गिक संख्यांची गृहीतकं मांडली त्यांतूनही ते निघतं. लागतं फार थोडं. बेरीज म्हणजे काय हे दोनच ओळींत ठरवायचं:

अ + ० = अ
अ + (ब ची पुढची) = (अ + ब) ची पुढची

"पुढची" म्हणजे लगेच नंतरची संख्या. आता अ आणि ब कुठल्याही घ्या आणि क वर विगमन लावा (आधी ० साठी दाखवायचं, मग एका संख्येवरून तिच्या पुढचीसाठी).

क = ० असेल तर (अ + ब) + ० = अ + ब, आणि अ + (ब + ०) = अ + ब. जुळलं.

समजा एखाद्या क साठी जुळतं. तर क च्या पुढच्या संख्येसाठी:

(अ + ब) + (क ची पुढची)
= ((अ + ब) + क) ची पुढची
= (अ + (ब + क)) ची पुढची
= अ + ((ब + क) ची पुढची)
= अ + (ब + (क ची पुढची))

दुसऱ्या ओळीतून तिसरीत जाताना "क साठी जुळतं" हे वापरलं, बाकी सगळीकडे बेरजेची व्याख्या. संपलं. गंमत म्हणजे यात क्रमनिरपेक्षता कुठेच लागली नाही. तिची सिद्धता याहून लांब होते, आणि नेहमीच्या मांडणीत ती करताना साहचर्य आधी हाताशी असलं तर सोपं जातं. पूर्णांक, अपूर्णांक, वास्तव संख्या यांच्याकडे हा गुणधर्म पुढे वारशाने येतो, कारण त्यांची बेरीज याच बेरजेवर उभी केलेली असते.

---

संगणकी

वास्तव संख्यांकडे वारशाने येतो, पण संगणकाकडे येत नाही! कुठल्याही नेहमीच्या प्रोग्रामिंग भाषेत दशांश संख्यांची बेरीज करून बघा:

(०.१ + ०.२) + ०.३ → ०.६००००००००००००००१
०.१ + (०.२ + ०.३) → ०.६

संगणक दशांश संख्या ६४ बिटांत मावेल तेवढीच ठेवतो आणि प्रत्येक बेरजेनंतर जवळच्या मावणाऱ्या संख्येवर आणून बसवतो. कुठे बसवलं जातं हे गटावर ठरतं. यापेक्षा ठसठशीत उदाहरण: एकावर सोळा शून्यं ही संख्या घ्या, तिला म म्हणू. या आकाराला दोन शेजारच्या मावणाऱ्या संख्यांमध्ये २ चं अंतर असतं. म्हणून (म + १) + १ केलं तर दोन्ही वेळा १ गिळला जातो आणि उत्तर म च. म + (१ + १) केलं तर म + २, अचूक. क्रमनिरपेक्षता मात्र इथे शाबूत आहे, अ + ब आणि ब + अ नेहमी तेच. फक्त साहचर्य जातं.

म्हणूनच बहुतेक कंपायलर (आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारे) अशा बेरजेतले कंस आपण होऊन हलवत नाहीत, तशी मुभा वेगळी द्यावी लागते. लांबलचक बेरीज चार प्रोसेसरांत वाटून द्यायची झाली तर साहचर्यच लागतं (प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या सलग तुकड्याची बेरीज करायची, मग तुकडे जोडायचे). दशांश संख्यांच्या बाबतीत त्यामुळे शेवटचे अंक इकडचे तिकडे होतात, आणि नवीन लोक दिवसभर नसलेला बग शोधत बसतात.

---

कंसमामा

माझा भाव वधारला म्हणायचा. आणि पदं अनंत असतील तर?

---

तर्कटी

तर तुमचाच जय. १ − १ + १ − १ + … ही न संपणारी बेरीज घ्या.

(१ − १) + (१ − १) + … केलं तर ० + ० + … = ०.
१ + (−१ + १) + (−१ + १) + … केलं तर १.

पदं तीच, क्रम तोच, कंस वेगळे. ग्रांदीने १७०३ मध्ये हिची चर्चा केली होती. तीन पदांचा नियम कितीही वेळा लावला तरी तो सांत (कुठेतरी संपणाऱ्या) पदांपुरताच पोचतो. ही श्रेणी अभिसारी नाही (पदं मिळवत गेलं तरी बेरीज एका ठराविक संख्येकडे जात नाही), म्हणून तिथे कंस घालायची मुभाच नाही. अभिसारी असेल तर नव्याने कंस घालता येतात, बेरीज तीच राहते.

---

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. वजाबाकीचा उलटा हिशेब भाचीला दिला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवायला तिला वेळ लागला, पण ठेवलं तिनेच. आता ती म्हणते, बेरीज आणि गुणाकार सोडून अशी क्रिया द्या जिला साहचर्य आहे, मग मी त्याच पायऱ्या लावून समीकरण सोडवून दाखवते. सुचवा काहीतरी.

---

खडूफळा

सातवीला झेपेल अशी: अ ∗ ब = अ + ब + अब. उदाहरणार्थ २ ∗ ३ = २ + ३ + ६ = ११. साहचर्य आहे, कारण (अ ∗ ब) ∗ क आणि अ ∗ (ब ∗ क) दोन्ही उलगडले की अ + ब + क + अब + बक + अक + अबक हेच येतं. अविकारक ०.

आता सोडवा: क्ष ∗ २ = ११. सरळ बेरीज-गुणाकार मांडून नाही, व्यस्त शोधून आणि कंस सरकवून.

---

गणूचा_गृहपाठ

मी करतो. २ चा व्यस्त ब हवा: २ + ब + २ब = ०, म्हणून ब = −२/३.

(क्ष ∗ २) ∗ (−२/३) = ११ ∗ (−२/३)
क्ष ∗ (२ ∗ (−२/३)) = ११ − २/३ − २२/३
क्ष ∗ ० = ११ − ८
क्ष = ३

ताळा: ३ ∗ २ = ३ + २ + ६ = ११. जमलं!

मग क्ष ∗ (−१) = ५ करायला गेलो तर −१ चा व्यस्तच सापडेना. −१ + ब − ब = ० मध्ये ब उडूनच जातो आणि −१ = ० उरतं. माझं काही चुकतंय का?

---

खडूफळा

नाही. क्ष ∗ (−१) उलगडा: क्ष − १ − क्ष, म्हणजे क्ष काहीही असो, −१ च. ते ५ कधीच होणार नाही. या समीकरणाला उत्तर नाही. साहचर्य असूनही व्यस्त नसेल तर ही रीत सुरूच होत नाही.